मदत हवी आहे: आयसीयूत सासऱ्यांना 'कमी सलाईन'च्या अभ्यासात घेतलंय, दिरांनी रात्रीच सही केली. आता काय करावं?

निफाडची_सून

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सासरे, आम्ही आप्पा म्हणतो, बहात्तर वर्षांचे. पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे, अजूनही सकाळी बागेत चक्कर मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. शुगर जुनी, प्रोस्टेटमुळे लघवी तुंबण्याचा त्रास. मागच्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ताप उतरला, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बडबडायला लागले. "बैलांना पाणी दाखवलं का रे?" सारखं तेच. बैल विकून ट्रॅक्टर घेतला त्याला जमाना झाला. आम्हाला वाटलं तापात बरळताहेत. दिरांनी पायाला हात लावला तर बर्फ! तसंच गाडीत घालून हायवेने नाशिकला आणलं. कॅज्युअल्टीत बीपी ८०/४०. लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलंय, सेप्टिक शॉक आहे म्हणाले.

दोन बाटल्या सलाईन भराभर गेलं, अँटिबायोटिक सुरू झालं, आयसीयूत घेतलं. मध्यरात्रीनंतर एक तरुण डॉक्टर बाहेर आल्या. इथे एक अभ्यास चालू आहे म्हणाल्या: बीपी टिकत नसेल तर काही पेशंटना आणखी सलाईन देतात, काहींना सलाईन आवरतं ठेवून प्रेशरचं औषध लवकर वाढवतात. कोणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मोठे दीर एकटेच होते तिथे. डॉक्टरांनी समजावलं होतं, हे ते कबूल करतात, पण त्यांच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. सही करून मोकळे झाले. आप्पा 'कमी सलाईन'वाल्यांत निघाले.

आता आप्पा शुद्धीवर आहेत, प्रेशरचं औषध बंद झालंय, किडनीचा आकडा (क्रिएटिनिन) उतरतोय. पण घरात आग लागलीय. पुण्याच्या नणंदेने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "आप्पांवर प्रयोग केला आणि दादाने पैसे वाचवायला सही केली." पैशाचा काही संबंधच नाही, पण दीर त्या दिवसापासून कोणाशी धड बोलत नाहीत.

माझे प्रश्न असे. सलाईन कमी दिल्याने किडनीला इजा झाली असेल का? पेशंट बेशुद्ध असताना मुलाची सही चालते का? आता त्या डॉक्टर पुन्हा कागद घेऊन आल्यात, या वेळी आप्पांची सही हवीय. म्हणजे पहिली सही कच्ची होती का? आणि बिलात लॅक्टेट नावाची तपासणी इतक्यांदा लागलीय की टीपीएवाल्यांनी (विम्याचे दावे तपासणाऱ्यांनी) क्वेरी टाकली. शिवाय 'सॅम्पल स्टोरेज' अशी एक ओळ आहे, ती कोणालाच समजावता येत नाहीये. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. आप्पा अजून तिथेच आहेत.

---

कॉलेजरोडकर

ताई, सरळ नाव काढून घ्या. अभ्यास-बिभ्यास म्हणजे गरिबाच्या जिवावर डिग्र्या आणि पेपर. आमच्या शेजाऱ्यांना असंच काहीतरी भरवून दिलं होतं. मोठ्या लोकांच्या बापाला विचारतात का कधी?

---

नाइट_ड्युटी

मी नाशकातच आयसीयूत काम करतो. तुमचे पेशंट पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांच्या किडनीबद्दल काही बोलणार नाही. ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. बाकीचं सांगतो.

सलाईन कमी म्हणजे उपचार कमी, हा हिशेब डोक्यातून काढा. आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक बाटल्या मोजतात, हे रोज बघतो. आपल्याकडे 'सलाईन लावलं' म्हणजे उपचार झाला. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन असं अंगभर पसरतं तेव्हा, गोष्ट वेगळी असते. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळायलाही लागतात. सुरुवातीला पाणी भरावंच लागतं. २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या तीन तासांत किलोमागे किमान ३० मिली, म्हणजे पासष्ट किलोच्या माणसाला दोन लिटरच्या आसपास. ही शिफारसही त्यांनी स्वतःच 'कमकुवत' या वर्गात टाकलीय, कारण पुरावा तेवढा भक्कम नाही. त्यानंतर आणखी ओतत राहिलं तर ते पाणी वाहिनीत न थांबता फुप्फुसात, पायांत, पोटात उतरतं. म्हणून नॉरअॅड्रेनलिनने वाहिन्या आवळायच्या. तुम्ही ज्याला प्रेशरचं औषध म्हणता ते हेच.

मग किती सलाईन आणि कधी नॉरअॅड, यावर पंचवीस वर्षं भांडण चालू आहे. २००१मध्ये डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलातला अभ्यास आला, २६३ पेशंट. पहिल्या सहा तासांत ठरलेल्या पायऱ्यांनी सलाईन, औषधं, रक्त दिलं तर मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५वर आले. जगभर तोच कित्ता गिरवला गेला. २०१४-१५मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये तीन मोठे अभ्यास झाले, तर नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा त्या पायऱ्यांचा जास्त फायदा दिसला नाही. २०११मध्ये केनिया, युगांडा, टांझानियात ३,१४१ आजारी मुलांवर अभ्यास झाला होता. सलाईन भराभर दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू १०.५ टक्के आणि तसं न दिलेल्यांत ७.३. सगळ्यांची झोप उडाली होती तेव्हा. झांबियात २०१७मध्ये मोठ्या माणसांतही तसंच दिसलं: ठरवून आक्रमक उपचार केलेल्यांत ४८.१ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत ३३. मात्र तिथले बहुतेक पेशंट एचआयव्हीबाधित होते.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचे दोन अभ्यास २०२२ आणि २०२३चे, पहिला युरोपातला, कोपनहेगनहून चालवलेला, दुसरा अमेरिकेतला. दोन्हींत दीड हजारांवर पेशंट, अर्ध्यांना सलाईन आवरतं. नव्वद दिवसांतले मृत्यू (आधी आवरत्या सलाईनवाल्यांचे, मग दुसऱ्यांचे) युरोपात ४२.३ विरुद्ध ४२.१ टक्के, अमेरिकेत १४ विरुद्ध १४.९. थोडक्यात, कमी दिल्याने माणसं जास्त दगावली नाहीत आणि जास्त दिल्याने वाचलीही नाहीत. दोन्ही पद्धती आमच्याच आयसीयूत, डॉक्टर कोण ड्युटीवर आहे त्यावर, रोज चालतात. अभ्यास नसता तरी आप्पांना यांतली एक मिळालीच असती.

मग इथे पुन्हा कशाला, असं विचाराल. आमच्याकडे पेशंट उशिरा येतो, वाटेत दोन ठिकाणी अँटिबायोटिक घेऊन येतो, शुगर असते, जंतू औषधांना दाद देत नाहीत. निफाड-दिंडोरीच्या माणसाला कोपनहेगनचे आकडे जसेच्या तसे लावायचे का? मला तरी पटत नाही.

---

निफाडची_सून

डॉक्टर, खूप आभार. नणंदेला हे जसंच्या तसं पाठवलं. अजून एक. आत एक डॉक्टर आप्पांच्या बोटावर काचेची पट्टी दाबून घड्याळाकडे बघत बसायचे. काचेतून पाहिलं मी, दर थोड्या वेळाने तेच. तो अभ्यासाचाच भाग का? सासूबाई म्हणाल्या, नाडी बघायची सोडून हे काय नखं बघताहेत.

---

नाइट_ड्युटी

सासूबाईंना सांगा, नाडीच्याच घराण्यातलं आहे. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून पांढरं करायचं, सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागला तर कातडीपर्यंत रक्त नीट पोचत नाहीये. २०१९मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ पेशंटवर हे तपासलं होतं: उपचार बोट बघून पुढे न्यायचे की रक्तातलं लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडलं की वाढतं ते) बघून. अठ्ठावीस दिवसांत बोटवाल्यांत ३४.९ टक्के मृत्यू, लॅक्टेटवाल्यांत ४३.४. फरक मोठा वाटतो, पण संख्याशास्त्राच्या नियमाने तो निव्वळ योगायोगही असू शकतो, एवढं मात्र खरं की बोट बघणं वाईट ठरलं नाही. याला खर्च शून्य. लॅक्टेटला दर वेळी बिल लागतं, तुम्ही पाहिलंच.

---

कागदांची_राणी

मी आधी रिसर्च कोऑर्डिनेटर होते, आता नाही. सही आणि बिल हे माझं खातं, तेव्हा बोलते.

मुलाची सही चालते. पेशंट स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसेल तर कायद्याने मान्य प्रतिनिधी संमती देऊ शकतो. अट एवढीच की त्याला कळेल अशा भाषेत समजावलेलं असावं आणि प्रश्न विचारायला वाव दिलेला असावा. रात्री दोन वाजता, बाप आत, बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत एकटा माणूस, त्याच्या हातात डझनभर पानांचा गठ्ठा. वाव कितपत मिळतो हे मला ठाऊक आहे, त्या खुर्चीसमोर मी पुष्कळदा उभी राहिलेय. म्हणून दिरांना बोल लावू नका.

दुसरी सही म्हणजे पहिली कच्ची होती असं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या नियमावलीत स्पष्ट आहे: बेशुद्ध पेशंट शुद्धीवर आला की त्याची संमती पुन्हा घ्यायची. त्या डॉक्टर परत आल्या हे मला तरी चांगलं लक्षण वाटतं. पुष्कळ ठिकाणी हे सोयीस्कर विसरतात. आप्पा 'नाही' म्हणू शकतात, कारणही द्यायला नको, आणि त्यामुळे उपचारांत फरक पडता कामा नये. आधी गोळा केलेली माहिती आणि रक्ताचे नमुने यांचं काय होणार, हे मात्र सही करताना किंवा नाकारताना आवर्जून विचारा.

तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट नाहीये. सही केलेल्या कागदाची प्रत दिरांकडे आहे का? ती द्यावीच लागते. त्यावर मुख्य संशोधकाचं नाव, एथिक्स कमिटीचा (अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीचा) फोन आणि सीटीआरआय क्रमांक असतो. सीटीआरआय हे अशा अभ्यासांचं आयसीएमआरचं नोंदणीस्थळ २००७पासून आहे, कोणालाही फुकट बघता येतं. १ एप्रिल २०१८पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. नंबर टाका, पैसा कोणाचा, कोणकोणती हॉस्पिटलं, परवानगी कधीची, सगळं उघडेल.

आता बिल. नेहमीच्या उपचारापलीकडचा, निव्वळ संशोधनासाठी झालेला खर्च पेशंटकडून घ्यायचा नाही, हे त्याच नियमावलीत आहे. लॅक्टेट शॉकच्या पेशंटला एरवीही करतातच, त्यामुळे सगळी काढून टाका म्हणू नका. कोणती तपासणी उपचारासाठी आणि कोणती अभ्यासाच्या वेळापत्रकाने, हे संशोधकाकडून लिहून मागा. सॅम्पल स्टोरेजची ओळ मात्र तुमच्या बिलात असायचं कारणच नाही. बिलिंग काउंटरवर भांडत बसू नका, त्या पोराला काही माहीत नसतं. संशोधकाच्या नावे अर्ज, एक प्रत एथिक्स कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रतीचा उल्लेख केला की पहिलीचं काम होतं.

---

कॉलेजरोडकर

संमतीचा व्हिडिओ काढणं सक्तीचं आहे ना? सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये सांगितलं होतं. मागा व्हिडिओ, मग बघा कशी तारांबळ उडते.

---

कागदांची_राणी

सगळीकडे नाही. २०१९च्या नियमांप्रमाणे नव्या रासायनिक औषधाची चाचणी आणि सहभागी असुरक्षित गटातला (स्वतः संमती देऊ न शकणारा वगैरे) असेल तर चित्रीकरण लागतं. इथे सलाईन आणि नॉरअॅड, दोन्ही जुनी. व्हिडिओ नाही म्हणून फसवणूक झाली असं होत नाही. तुमच्या शेजाऱ्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण तुमचा राग अगदीच हवेतला नाही. आपल्याकडे कोर्टात जावं लागलं तेव्हा हे नियम कडक झाले, हेही खरंच.

---

निफाडची_सून

अपडेट देते. प्रत दिरांच्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये सापडली, टोलच्या पावत्यांखाली. नंबर टाकला, नोंदणी आहे, तारखा जुळतात, पैसा सरकारी संस्थेचा. नणंदेने स्वतः वाचलं, ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. दादाला फोन काही केला नाही अजून.

अर्ज दिला. स्टोरेजची ओळ गेली. लॅक्टेटपैकी काही कमी केली, बाकीच्यांना उपचाराची म्हणून लेखी दिलंय, ते टीपीएला पाठवलं.

आप्पांना मीच सगळं वाचून दाखवलं. त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "ज्यांना जास्त पाणी दिलं त्यांचं काय झालं?" डॉक्टर म्हणाल्या, अभ्यास संपल्याशिवाय कळणार नाही. आप्पा म्हणाले, बागेत दोन ओळींना वेगळं खत टाकलं तर छाटणीपासून काढणीपर्यंत थांबावंच लागतं. आणि सही केली. रक्त साठवायला मात्र नाही म्हणाले, त्या चौकटीवर फुली मारली. चालतं ना असं?

उद्या-परवा डिस्चार्ज म्हणताहेत. घरी कशावर लक्ष ठेवायचं?

---

कागदांची_राणी

चालतं. त्यासाठीच वेगळी चौकट असते. फुली मारलेल्या पानाचीही प्रत घ्या.

---

नाइट_ड्युटी

लघवीची नळी तशीच ठेवून पाठवणार असतील तर ती कधी काढायची किंवा बदलायची याची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. प्रोस्टेटसाठी युरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट निघण्याआधीच घ्या. मूळ कारण तेच आहे, ते राहिलं तर पुन्हा हाच फेरा. सेप्सिसनंतर हातापायांत जोर नसणं, झोप उडणं, विसरायला होणं हे काही आठवडे, कधी महिनेही चालतं, लगेच बागेत जाऊ देऊ नका. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, शुगर बघत राहा. आणि पुन्हा हुडहुडी, धाप, लघवी कमी किंवा बैलांची चौकशी सुरू झाली तर सकाळची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी.