गेटबाहेरचा कॅमेरा, पोलीस आणि आपण (सोसायटी ग्रुप, जळगाव)

*सेक्रेटरी, ए-२०१:* राम राम मंडळी. पोलीस ठाण्यावरून बीट हवालदार येऊन गेले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि सुट्ट्यांत निम्म्या घरांना कुलूप असतं, म्हणून रस्त्याकडे तोंड करून एक कॅमेरा लावा, गरज पडली तर फुटेज द्या म्हणाले. बोला.

*बी-१०२, वहिनी:* लावाच. संध्याकाळी फिरायला निघालं की मंगळसूत्र पदराखाली झाकून चालावं लागतं.

*ए-३०४, आप्पा:* माले बी तेच वाटस. उद्याच बसवा.

*बी-४०३:* लावा, पण आधी आहेत ते कॅमेरे बघा. काल वॉचमनच्या केबिनमध्ये स्क्रीन पाहिली, घड्याळ चांगलं वीस मिनिटं मागे. लाईट जाऊन आली की वेळ बिघडते, कोणी लावत नाही. रात्री हेडलाईट समोर आला की नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा डाग. त्यात हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. गावाहून येऊन कुलूप तुटलेलं दिसेपर्यंत सगळं पुसलेलं असणार. मोठी हार्डडिस्क आणि छोटा यूपीएस आधी घ्या.

आणि क्लिप व्हॉट्सॲपवर देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, लागू आहे. कलम ६३ प्रमाणे फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरून कॉम्प्युटरने काढलेला ओळखीचा आकडा, लिहावी लागते. फाईल जराशी बदलली तरी तो आकडा बदलतो, आणि व्हॉट्सॲप तर व्हिडिओ दाबून लहान करतं. मूळ फाईलच कॉपी करून द्यायची.

*बी-१०२, वहिनी:* मग पोलिसांना मोबाईलवर लाईव्हच दिसू द्या ना! कटकट नको.

*बी-४०३:* वहिनी, तिथे माझा विरोध आहे. आपल्या मुली क्लासला कधी जातात, कोणाकडे कोण येतं, हे चोवीस तास कोणी का बघावं? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट सांगितलंय. गुन्हा घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ९४ खाली ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढू शकतात. त्यात तारीख-वेळ असेल, तेवढं फुटेज त्याच दिवशी देऊ. पोलिसांवर अविश्वास म्हणून म्हणत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा, हेही कोर्टानेच डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. नियम दोन्हीकडे असलेले बरे.

*ए-३०४, आप्पा:* हे पटलं. पासवर्ड कोणाकडे?

*सेक्रेटरी, ए-२०१:* माझ्याकडे आणि खजिनदारांकडे. कोणाला काय दिलं ते रजिस्टरमध्ये लिहू.

*बी-००१:* दादा, एक सांगायचं होतं. पार्किंगचा कॅमेरा थेट आमच्या खिडकीत बघतो. आम्ही चौघी मुली एवढ्या उन्हाळ्यात दिवसभर खिडकी बंद ठेवतो.

*सेक्रेटरी, ए-२०१:* अगं, आधी का नाही बोललीस? सकाळी टेक्निशियन येतोय. तो कॅमेरा पहिला वळवू, नवीन नंतर. तू खाली उभी राहून स्क्रीनवर बघून घे.