पाकीट, खिसा, बटवा

पैसे ठेवायचं ते पाकीट, पोस्टात टाकायचं तेही पाकीट. शब्द एकच आहे का? आणि पाकीट येण्याआधी आपल्याकडे पैसे कशात ठेवत?

– एकच. इंग्रजी ‘पॅकेट’वरून आलाय, मूळ अर्थ पुडकं. सिगारेटच्या पाकिटात तो तसाच राहिलाय. पैशांचा अर्थ मात्र आपण जोडला; माझं पॅकेट मारलं म्हटलं तर साहेबाला काही कळायचं नाही. लग्नात ‘पाकीट दिलं’ म्हणतो तेव्हा लिफाफा आणि पैसे दोन्ही एका शब्दात उरकतात.

– पाकिटाआधी कनवटी की! धोतराला कुठला आलाय खिसा? नाणी कनवटीला खोचायची, नाहीतर कमरेला ‘कसा’, म्हणजे पैशांची पिशवी, बांधायची. बायकांची पदराची गाठ.

– ‘खिसा’ची गंमत बघा. फारसी ‘कीसा’ म्हणजे पिशवी, थैली. अरबीतही ‘कीस’. म्हणजे आज ज्यात पाकीट ठेवतो, तो शब्दच मुळात पैशाच्या पिशवीचा. पिशवी कपड्याला शिवली गेली, नाव तेच राहिलं.

– गोव्यात कोंकणीत खिशाला ‘बोल्स’ म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला. पोर्तुगीज ‘बोल्सा’ आणि इंग्रजी ‘पर्स’ ही सख्खी भावंडं, दोघांचं मूळ लॅटिन ‘बुर्सा’. त्यामागे कातड्यासाठीचा ग्रीक शब्द. पोर्तुगीजमध्ये शेअर बाजारालाही ‘बोल्सा’च म्हणतात.

– बटवा राहिला की. पर्सला तोच शब्द वापरायला काय हरकत आहे?

– हरकत नाही, पण चित्र वेगळं उभं राहतं. बटवा म्हणजे कापडी, आत कप्पे, तोंडाशी ओढायची दोरी. हिंदीत ‘बटुआ’ सरळ पैशांचं पाकीट झालाय. मराठीत तो आजीबाईकडे गेला: सुंठ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग. आता नऊवारीवर खणाचा बटवा मिरवतात, त्यात मोबाइल असतो. पानतंबाखूची ती चंची, तिला बटवा म्हणू नका.

– थैली कुणीच घेतली नाही? सत्कारात ‘एक लाखाची थैली अर्पण केली’ असं छापून यायचं. तिथे थैली म्हणजे पिशवी नव्हे, आतली रक्कम. इंग्रजी ‘पर्स’लाही बक्षिसाच्या रकमेचा हाच अर्थ आहे. आणि पैसेवाला तो थैलीशहा. पाकीटशहा कुणी झाल्याचं ऐकलं नाही.