लहान शहरांचे रस्ते नकाशावर आणायचे, तर गाडी फिरवलीच पाहिजे

वाटसरू :
ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर लहान शहरांचे रस्ते भरताना बहुतेक जण घरी बसून उपग्रह चित्रावरून रेघा ओढतात. मोठ्या शहरात चुका दाखवायला शेकडो डोळे असतात, लहान शहराला कुणी वाली नसतो. म्हणून माझं मत ठाम आहे: तिथल्या प्रत्येक रस्त्यावरून जीपीएस चालू ठेवून एकदा तरी गाडी गेली पाहिजे.

चित्रात रस्ता दिसतो, त्याचं नाव दिसत नाही. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नाव उतरवून घ्यायला परवानगी नाही, म्हणजे पाटी प्रत्यक्ष वाचण्यावाचून गत्यंतर नाही. एकेरी वाहतूक कुठून सुरू होते, रेल्वेपुलाखाली किती उंचीची गाडी जाते, गल्लीच्या टोकाला फाटक आहे का, हे वरून कसं कळणार?

हा प्रकल्प वाढला तोच असा. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि साधं यंत्रही रस्ता दाखवण्याइतकं अचूक झालं. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं. मे २००६ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर चाळीसेक स्वयंसेवक जमले आणि सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत त्यांनी तिथले रस्ते पिंजून काढले.

आमची पद्धत साधी आहे. गाडीत दोघं. चालवणारा फोनला हात लावत नाही. शेजारचा रेकॉर्डरवर बोलत राहतो: "डावीकडे शाळा, उजवीकडे बोळ, इथून पुढे एकेरी." यंत्र सेकंदाला एक बिंदू नोंदवतं. ताशी ३६ किलोमीटरने गेलात तर दोन बिंदूंमध्ये १० मीटर अंतर पडतं आणि छोटं वळण चक्क कापलं जातं. त्यामुळे गल्लीत शिरलं की वेग निम्मा.

पायवाट :
साफ असहमत. गाडीला दिसतं तेवढंच शहर तुम्ही नकाशावर आणणार. दोन घरांमधली वाट, टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्या, मोरीवरचा पादचारी पूल यांचं काय? व्हीलचेअरवरच्या माणसाला फुटपाथ कुठे उतरता आहे हे हवं असतं. ते गाडीच्या काचेतून टिपता येत नाही, तिथे उतरून उभं राहावं लागतं.

अचूकतेचंही बोलू. उघड्या आभाळाखाली फोनची चूक ५ मीटरच्या आसपास असते. उंच भिंतींच्या मधे सिग्नल आपटून येतो आणि रेघ घरांच्या छपरावरून धावते. मी एकदा शेजारशेजारच्या दोन समांतर गल्ल्या गाडीने नोंदवल्या होत्या. घरी येऊन पाहिलं तर दोन्ही रेघा एकमेकींना दोनदा छेदून गेलेल्या! शेवटी उपग्रह चित्रावरूनच सरळ केल्या. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग नकाशांची चित्रं वापरायला मिळाल्यावर हे काम किती सोपं झालं, ते तेव्हापासून काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आकार चित्रावरून घ्या, बाकीचं पायी. पेट्रोल कशाला जाळायचं?

वाटसरू :
पायऱ्यांचं पूर्ण मान्य. पण चित्रंही सरकलेली असतात, डोंगराळ भागात तर जास्तच. आणि चित्र सरकलं की अख्खं शहर एकाच दिशेने सरकतं, डोळ्यांना कळतही नाही. एकाच रस्त्याच्या सात-आठ फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या की त्यांच्या मधोमध खरा रस्ता सापडतो. चित्र जागेवर आणायचं ते त्यांच्याच आधाराने. तुमच्या गल्ल्यांची एकेकच फेरी झाली होती ना?

उंबरठा :
मला वेगळीच काळजी आहे. गाडी निघते कुठून? स्वयंसेवकाच्या दारातून. ट्रेसच्या, म्हणजे जीपीएसने नोंदवलेल्या वाटेच्या, प्रत्येक बिंदूवर वेळ असते. गाडी उभी राहिली की बिंदूंचा गुंता होतो, आणि तो गुंता म्हणजे त्याचं घर. चार दिवसांच्या ट्रेसवरून हा माणूस कधी बाहेर पडतो, कधी परततो, कुणालाही सांगता येईल. शिवाय डॅशबोर्डवर कॅमेरा लावलात तर लोकांचे चेहरे, अंगणं, गाड्यांचे नंबर सगळं आलं. त्यांना कोण विचारतं?

वाटसरू :
हा मुद्दा मी धाग्यातच लिहायला हवा होता. आम्ही नोंद घरापासून लांब गेल्यावर सुरू करतो, परतताना तशीच आधी बंद करतो. ट्रेस खासगी ठेवण्याची सोय आहे, आणि अपलोड न करताही त्यावरून रस्ते काढता येतात. कॅमेरा आम्ही वापरत नाही. म्हणून तर आवाजाची नोंद.

उंबरठा :
चांगलं आहे, पण पुरेसं नाही. 'खासगी रस्ता' अशी पाटी आली की गाडी तिथेच थांबली पाहिजे. तो रस्ता खासगी आहे एवढी नोंद करा आणि मागे फिरा.

जुनी पाटी :
गाडी की पाय, यावर एवढा वाद कशाला? खरं दुखणं त्यानंतरचं आहे. उत्साही मंडळी येतात, दोन दिवसांत शहर भरतात आणि निघून जातात. मग वाहतुकीची दिशा बदलते, पूल बंद होतो, नकाशा तसाच. रस्ता नकाशावर नसेल तर माणूस कुणाला तरी विचारतो. चुकीचा असेल तर तो बिनधास्त आत शिरतो, आणि ती गाडी रुग्णवाहिका असू शकते.

एकेरीचंच उदाहरण घ्या. या नकाशात रेघ ज्या दिशेने ओढली, सहसा तीच वाहतुकीची दिशा धरतात. ओढताना उलट टोकाकडून सुरुवात केली की बाण उलटा, आणि रेघ दिसायला अगदी बरोबर. ही चूक रोज तिथून जाणाऱ्यालाच सापडते. त्यामुळे शहरात राहणारा एक तरी माणूस तयार झाल्याशिवाय मी बाहेरून गाड्या न्यायच्या विरोधात आहे.

वाटसरू :
असा माणूस आधी कुठून मिळणार? आमच्या फेऱ्यांमध्ये गाडी हळू जाताना पाहून लोक थांबवतात, काय चाललंय विचारतात. एका आजोबांनी तर शेजारी बसून बोळांची जुनी नावं सांगितली, आणि पाटीवरचं एक नाव चुकीचं आहे हेही. गाडी गेलीच नसती, तर ते भेटलेच नसते.

पायवाट :
चालत गेला असतात तरी भेटले असते. आणि बोळाच्या आतही घेऊन गेले असते.