डोंगरउतारावरचा इंडस्ट्रियल शैलीचा व्हिला: उघडं लोखंड आणि काँक्रीट दमट हवेत टिकवायचं कसं?

ओसरी:
भरपूर पावसाच्या, उष्ण आणि दमट हवेच्या डोंगरउतारावर दुमजली व्हिल्याचा आराखडा चालू आहे. उतार साधारण २० अंश. दरीकडे पूर्ण काच, आय-बीमचा (इंग्रजी I आकाराच्या लोखंडी तुळयांचा) उघडा सांगाडा, प्लास्टर न केलेलं काँक्रीट, दर्शनी बाजूला गंजाच्या रंगाचं कॉर्टेन स्टील, छताखाली एसीच्या थंड हवेचे उघडे डक्ट. एक १२ मीटरचा बीम दिवाणखान्यातून काच ओलांडून सरळ बाहेर डेकवर जातो. कॉर्टेन वापरावं का? काँक्रीट काळं पडू नये म्हणून काय करावं? आणि जागा सपाट करून घ्यावी की घर खांबांवर उचलावं?

मुरूमखडक:
शेवटचा प्रश्न आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहणार. २० अंशांच्या उतारावर १० मीटर खोलीचं घर सपाट बसवायचं तर वरची आणि खालची बाजू यांच्यात सुमारे ३.६ मीटरचा फरक पडतो. अर्धं खोदून अर्धा भराव टाकला तर भराव पुढची काही वर्षं बसत राहतो, आणि खोदकाम व भराव जिथे मिळतात त्या रेषेवरच घराला तडा जातो. इथे प्लास्टरही नाही, म्हणजे तडा झाकायला काहीच नाही. खांबांवरच घ्या, आणि प्रत्येक पाया भरावात न थांबता घट्ट थरापर्यंत न्या.

पण खांब घेतले की वेगळी अडचण येते. वरच्या अंगाचे खांब आखूड, खालचे लांब. निम्म्या उंचीचा खांब तशाच लांब खांबाच्या आठपट ताठ असतो, त्यामुळे भूकंपात आडवा भार आधी त्या आखूड खांबांवर येतो आणि तेच फुटतात. लांब खांबांना तिरपे ब्रेसिंग (आधाराचे तिरके दांडे) द्या. या शैलीत ते दिसलं तरी शोभतं.

घराच्या वरच्या अंगाला रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) लागेलच. ३ मीटर उंच भिंतीमागे पाणी तुंबलं तर नुसत्या पाण्याचा रेटा दर मीटर लांबीला ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टन होतो, मातीचा रेटा वेगळा. भिंतीमागे ३०० मिमी खडीचा थर, त्याभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), तळाला छिद्रांचा पाइप, आणि दीड-दोन मीटरवर ७५ मिमीचे वीप होल (भिंतीतून पाणी बाहेर सोडणारी भोकं). जिओटेक्स्टाइल वगळलं की बारीक माती खडीत शिरते आणि वीप होल हळूहळू बुजतात. उताराच्या माथ्यावर पाणी वळवणारा पक्का चर घराच्या पायाआधी खणून घ्या.

जस्तथर:
कॉर्टेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या हवेत दर्शनी भिंतीला नको. त्याचा गंजाचा थर ओलं-कोरडं असं चक्र मिळालं तरच घट्ट होऊन पुढचा गंज थांबवतो. महिनोन्‌महिने धुकं आणि पाऊस असेल, किंवा हवेत समुद्राचं मीठ असेल, तर पत्रा झिजत राहतो. शिवाय तांबूस ओघळ खालच्या काँक्रीटमध्ये मुरतात आणि निघत नाहीत. हवंच असेल तर उन्हाच्या बाजूला, भिंतीपासून ४०-५० मिमी सुटा पत्रा लावा, जमिनीपासून २०० मिमी वर ठेवा, आणि ओघळ पडतील तिथे खडीचा पट्टा ठेवा.

सांगाड्याला हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग करा, म्हणजे लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या. ६ मिमीपेक्षा जाड लोखंडावर सरासरी ८५ मायक्रॉन जस्त बसतं. बंद पोकळ सेक्शनला आधीच भोकं ठेवा, नाहीतर सुमारे ४५० अंशांच्या जस्तात आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ते फुटू शकतं. साइटवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं, म्हणून सांधे बोल्टचेच ठरवा. काळा मॅट रंग हवा असेल तर आधी जस्तासाठीचा प्रायमर. साधा ऑइलपेंट थेट मारला तर तो जस्ताशी रासायनिक क्रिया होऊन सोलपटून निघतो.

शटरपाट:
काँक्रीट काळं पडतं ते मुख्यतः शेवाळ आणि बुरशीने, आणि दोघांनाही पाणी लागतं. म्हणून सीलरच्या आधी आकार. पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) माथा गच्चीच्या बाजूला उतरता करा, म्हणजे धुळीचं पाणी दर्शनी भिंतीवरून वाहणार नाही. स्लॅब आणि छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून २५-३० मिमी आत, १५ मिमीची ड्रिप ग्रूव्ह (पाणी भिंतीकडे न जाता तिथेच खाली टपकवणारी खाच) ठेवा. एवढ्याने बरेच डाग टळतात.

शटरिंगला फिल्म लावलेला १८ मिमी प्लाय, प्रत्येक जोडाला फोम टेप. जोडातून सिमेंटचं पाणी निसटलं की तिथे खडी उघडी पडते, आणि नंतर केलेली डागडुजी आयुष्यभर वेगळ्या रंगाची दिसते. सगळ्या भिंतींना सिमेंट एकाच ब्रँडचं, आणि शटरिंग सारख्याच दिवसांनी काढायचं. सळईवर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ४५ मिमी ठेवा. २८ दिवसांनंतर, भिंत कोरडी असताना, सिलेन-सिलोक्झेन (आत मुरून पाणी अडवणारं सीलर) मारा. चकचकीत थर देणारं कोटिंग टाळा, मागून येणाऱ्या ओलाव्याने त्याला फोड येतात.

ओसरी:
कॉर्टेन रद्द. त्या १२ मीटरच्या बीमबद्दल काही?

जस्तथर:
तो काचेच्या रेषेत तोडा. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन साचते तो, सुमारे २६ अंशांवर येतो. एसीमुळे खोली २३ अंशांवर असेल तर अखंड बीम ती थंडी बाहेर नेतो, कारण लोखंडातून उष्णता काचेच्या सुमारे ५० पट वेगाने जाते. परिणामी काचेलगतचा बाहेरचा भाग रोज ठिबकतो आणि रंग तिथूनच उकलतो. शिवाय ४० अंशांच्या फरकाने १२ मीटर लोखंड जवळजवळ ६ मिमी लांबतं, ते काचेच्या चौकटीला सोसत नाही. डेकला स्वतंत्र सांगाडा द्या आणि दोन्ही बीम एका रेषेत ठेवा. नजरेला तो एकच वाटतो.

उघड्या डक्टचं इन्सुलेशन बंद-पेशींच्या फोमचं घ्या, आणि हँगर (डक्ट छताला टांगणारी पट्टी) पकडतो तिथेही ते अखंड ठेवा. सर्वांत आधी पाणी टपकतं ते त्याच जागी.