'गीयो'ला मराठीत काय म्हणावं?

नकाशावाली: हॅरी हेस या अमेरिकी भूवैज्ञानिकावरचा लेख अनुवादते आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरात 'केप जॉन्सन' जहाजावर असताना ते खोली मोजणारं ध्वनियंत्र सतत चालू ठेवत. त्यातून पाण्याखालचे सपाट माथ्याचे डोंगर सापडले. १९४६च्या निबंधात असे सुमारे १६० नोंदवून त्यांनी नाव दिलं 'गीयो', भूगोलतज्ज्ञ अर्नोल्ड गीयो यांच्यावरून. मी 'सपाटमाथा सागरी पर्वत' लिहिलं. संपादक म्हणतात, ही व्याख्या झाली, शब्द द्या.

मालवणकर: 'बुडीत सडा' लिहा. देवगडला सड्यावर उभे राहा: कडेला सरळ तुटलेला कडा, वर पार सपाट. कोकणात पोराटोरांनाही कळेल.

कातळ: सडा म्हणजे जांभा. गीयो मुळात ज्वालामुखी! बेट म्हणून वर होता तेव्हा लाटांनी माथा तासला, मग खालचा सागरतळ थंड होत खचला आणि बेट बुडालं. 'सडा' म्हटलं की ही सगळी हकीकत पुसली जाते.

मालवणकर: शब्द रूपावरून पडतात, कुळावरून नाही. नाहीतर आमच्या समुद्रातली, पाण्याखालची आंग्रिया बँक कुठल्या पेढीची?

कातळ: तिचा माथा उथळ, त्यावर जिवंत प्रवाळ. गीयोचे माथे बहुधा हजारो फूट खाली. दोन्ही एका पंगतीला बसवू नका.

पुणेकर_७: व्होल्ट, अँपियर आपण बदलले का? तीही माणसांचीच नावं. आपल्या अरबी समुद्रात 'वाडिया गीयो' आहे, भूवैज्ञानिक दा. नो. वाडियांच्या नावाचा. त्याच भागात रामन आणि पणिक्कर हे सागरी पर्वत. पणिक्कर म्हणजे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. तिथे 'वाडिया सडा' छापणार?

नकाशावाली: मुद्दा पटतो, पण वाचक 'गीयो'वर अडखळेल. पुढे १९६२मध्ये हेस यांनी सागरतळ पसरतो ही कल्पना मांडली, त्यातही हे डोंगर महत्त्वाचे आहेत. शब्द पुन्हा पुन्हा येणार. आणखी एक, मूळ लेखात खोली फॅदममध्ये आहे, पाचशे ते हजार. मीटर करू?

मालवणकर: मीटर कशाला? वाव लिहा. दोन्ही हात पसरले की एक वाव, सहा फूट. माझे वडील दोर छातीवरून ओढत मोजायचे, मग टोकाच्या शिशाला चिकटलेली माती बोटांत चोळून सांगायचे, 'अकरा वाव, चिखल.'

कातळ: संस्कृत 'व्याम'. हे मात्र शंभर टक्के मान्य.

पुणेकर_७: मग 'सुधारणेला वाव' मधला वाव तोच का? तो पुल्लिंगी, मोजमापाची वाव स्त्रीलिंगी.

मालवणकर: हात पसरायला जागा म्हणजेच वाव की!

पुणेकर_७: ही ऐकीव व्युत्पत्ती. लिंग असं सहज बदलत नाही.

कातळ: कोळीवाड्यात काय लिंग लावतात? अलिबाग-वर्सोव्याकडचं कुणी सांगेल का?