बाळंतपणात बाळाच्या हाताची नस दुखावली, तर भरपाईसाठी डॉक्टरची चूक सिद्ध व्हायलाच हवी का?

रानजाई

माझी भाची सहा वर्षांची आहे. पाण्याचा पेला तोंडाला लावताना तिचं उजवं कोपर कानाच्या उंचीला जातं, कारण तो खांदा बाहेरच्या बाजूला वळत नाही. वेणी घालायला हात मागे पोचत नाही. शाळेचा फ्रॉक डोक्यावरून काढताना अजून आईला हाक मारावी लागते.

जन्मताना तिचं वजन ४ किलो २०० ग्रॅम होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. बहिणीला आठवतं ते एवढंच, की एक बाई स्टुलावर चढून तिच्या पोटावर वरून जोर देत होती आणि कुणीतरी "ओढा, ओढा" म्हणत होतं. डिस्चार्ज कार्डावर "नॉर्मल डिलिव्हरी, आई व बाळ सुखरूप" असं लिहिलंय. हाताबद्दल एक अक्षर नाही. सातव्या महिन्यात बहिणीची साखर वाढलेली होती, तेव्हा "भात कमी खा" म्हणून सांगितलं होतं, बस्स.

मानेतून हाताकडे पाच नसांचा जुडगा जातो. डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला की त्या नसा ओढल्या जातात, कधी तुटतात. बहुतेक बाळांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. हिचा सुधारला नाही.

आम्ही दोन वकिलांकडे गेलो. दोघांनीही पहिला प्रश्न विचारला, चूक दाखवणारा कागद आहे का? नव्हता. तिथेच विषय संपला. पण मुलीचा हात तर तसाच आहे ना? चूक सिद्ध होवो वा न होवो, फिजिओची फी तेवढीच. म्हणून मला मनापासून वाटतं की अशा मुलांसाठी सरकारी निधी हवा. डॉक्टर दोषी ठरायची वाट न बघता मुलाच्या हाताकडे बघून पैसे द्यावेत. स्वीडनमध्ये १९७५ पासून रुग्णांसाठी अशा विम्याची सोय आहे. जपानने २००९ मध्ये जन्मतः सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) झालेल्या मुलांसाठी योजना आणली. एकूण ३ कोटी येन, त्यातले ६० लाख सुरुवातीला आणि उरलेले २० वर्षांत वाटून.

कृष्णाकाठ

रानजाईताई, मी तालुक्याच्या गावी बावीस वर्षं बाळंतपणं करते आहे. आधी तुमच्या बाजूचं सांगते. खांदा अडकलेला असताना वरून पोट दाबणं ही चूकच. त्याने खांदा आईच्या ओटीपोटाखालच्या हाडामागे आणखी घट्ट बसतो. तसं झालं असेल तर त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण "नस दुखावली म्हणजे डॉक्टर चुकला" हे मला मान्य नाही. खांदा अडकतो त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा आधी कुठलंच धोक्याचं लक्षण नसतं. सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतं. डोकं बाहेर आणि छाती आत, अशा वेळी हातात मोजकी मिनिटं असतात. उशीर झाला तर मेंदू जातो, नाहीतर बाळच जातं. आईच्या मांड्या पोटाशी घ्यायच्या, ओटीपोटावर त्याच हाडाच्या लगेच वर दाबायचं, मागचा हात आधी काढायचा. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं तरी एखाद्या बाळाचा हात लुळा पडतो. मग मोठ्या बाळांचं सरसकट सिझर करावं का? १९९६ च्या एका अमेरिकन अभ्यासाचा हिशेब असा होता, की मधुमेह नसलेल्या आईचं बाळ साडेचार किलोच्या वर वाटतंय म्हणून सिझर करायचं ठरवलं, तर एक कायमचा अधू हात टाळायला सुमारे ३,७०० सिझर करावी लागतील. त्या ३,७०० आयांच्या पोटावरच्या टाक्यांचं काय?

निधीची मला भीती वाटते. पैसा कुठून येणार? दहा खाटांच्या दवाखान्यांवर कर बसेल आणि लोक बाळंतपणं घेणंच बंद करतील. आधीच बरेच जण जोखमीची बाई दिसली की जिल्ह्याला पाठवतात. २०२२ मध्ये राजस्थानात दौसा जिल्ह्यात अतिरक्तस्रावाने बाळंतीण दगावली, तर डॉक्टरबाईंवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांनी जीव दिला. ती बातमी वाचून आम्ही कितीतरी जणी रात्रभर झोपलो नाही.

चिंचबन

डॉक्टर, दौशाला झालं ते वाईटच झालं. पण त्यासाठी आमचा ग्राहक आयोगातला अर्ज अडवू नका. फौजदारी वेगळी आणि भरपाई वेगळी.

माझ्या मुलाचा डावा हात असाच गेला. केस चौथ्या वर्षात आहे. रानजाईताई, तुमच्या निधीला माझा ठाम विरोध आहे. निधीवाले पैसे हातावर ठेवतील आणि त्या खोलीत काय झालं ते कधीच कळणार नाही. आम्हाला दवाखान्याने दोनदा परत पाठवलं होतं. केस दाखल झाली तेव्हा कुठे नोंदी समोर आल्या, आणि बाळाचं डोकं ओढायला चिमटा (फोर्सेप्स) लावला होता हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. मला पैशाइतकंच ते कळणं हवं होतं.

काळा कोट

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे गैरसमज दिसतोय.

खाजगी दवाखान्याची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं. १९९८ च्या निकालाप्रमाणे मूल आणि आईबाप दोघेही ग्राहक धरले जातात. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग ती माफ करू शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. किती भरपाई मागताय यापेक्षा दवाखान्याला किती पैसे दिले यावर कुठला आयोग ते ठरतं. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे साठ हजारांचं बिल असलेला माणूसही चाळीस लाख मागायला जिल्ह्यालाच जातो, आणि बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.

कागद नव्हता म्हणून विषय सोडलात, त्याचं वाईट वाटलं. तुम्ही लेखी मागणी केलीत की ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. हा नियम २००२ चा आहे. त्यात नोंदी तीन वर्षं जपून ठेवायला सांगितलंय. त्यामुळे पहिल्या महिन्यातच अर्ज द्या आणि पोच घ्या.

निष्काळजीपणा मात्र तुम्हालाच दाखवावा लागतो. त्या जागी साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते इथे झालं का, एवढंच तपासलं जातं. परिणाम वाईट झाला, एवढ्याने भागत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या एका मधुमेही आईचा खटला गाजला. तिथेही खांदाच अडकला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की खांदा अडकण्याचा धोका तिला आधी सांगितला होता का. सांगितला नव्हता. तिला साडेबावन्न लाख पाउंड मिळाले. आपल्याकडे संमतीचा २००८ चा निकाल आहे, पण तो इतका पुढे जात नाही. तरी साखर वाढलेली असताना धोका सांगितला नाही, हा मुद्दा तुमच्या बहिणीच्या प्रकरणात मी आधी मांडला असता.

आबोली

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. वर सगळे ग्राहक आयोगाचं बोलताहेत, पण आमच्याकडे येणारी बाई एक रुपया देत नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा आहे तिथे तो कायदा लागू होत नाही. तिने कुठे जायचं? दिवाणी कोर्टात, नाहीतर हायकोर्टात. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून एक बाळंतीण गेली. त्याला राज्य सरकार जबाबदार आहे, हा अंतिम निकाल १९९६ मध्ये आला. तेहतीस वर्षं, आणि रक्कम ३६ हजार.

म्हणून माझं मत निधीच्या बाजूने. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने तारखा कशा सांभाळायच्या?

पहाटवारा

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्या टेबलावर ही मुलं येतात ती नवव्या महिन्यात, वर्षाची झाल्यावर. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "डॉक्टर म्हणाले मालिश करा, होईल बरं."

तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर स्वतःहून वाकलं नाही, तर नसांच्या सर्जनला दाखवायलाच हवं. नस जोडायचं ऑपरेशन पहिल्या वर्षात केलं तर फायदा होतो. नंतर स्नायू वाळतो आणि नस जोडूनही जागा होत नाही. पहिले काही दिवस हाताला ताण द्यायचा नसतो, त्याच दिवसांत आज्जी जोर लावून तेल चोळत असते, कारण तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही सगळे त्या पाच मिनिटांवर भांडताय. माझ्या मते मोठा अपराध त्यानंतरच्या तीन महिन्यांत होतो. खांदा अडकणं डॉक्टरच्या हातात नसेल, पण "हात हलत नाहीये, अमुक तारखेला दाखवा" हे कार्डावर लिहिणं हातात होतं.

रानजाई

पहाटवारा, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. भाचीला आम्ही सर्जनकडे नेलं तेव्हा ती दीड वर्षाची होती.

चिंचबन, तुमचं पटतं. निधीतून पैसे घेणाऱ्या घराला नोंदींची पूर्ण प्रत मिळालीच पाहिजे, ही अट मी घालेन. तरी निधीच्या मागणीवरून मी हटणार नाही. फक्त तो कुणासाठी हे नीट लिहायला हवं. अमेरिकेत व्हर्जिनियाने १९८७ मध्ये जन्माच्या वेळच्या इजांसाठी निधी काढला, पण त्यात मेंदू आणि मज्जारज्जूच्याच इजा घेतल्या. हाताच्या नसा बाहेर राहिल्या. आपल्याकडे तसं नको.

कृष्णाकाठ

निधीबद्दलची माझी भीती गेलेली नाही. तो राज्याच्या तिजोरीतून येणार असेल तरच माझी तयारी आहे.

पण पहाटवारा म्हणतात त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मीही "होईल बरं" म्हटलेलं आहे. उद्यापासून खांदा अडकला की माझ्याकडे चार गोष्टी लिहिल्या जातील: डोकं किती वाजता आलं, पूर्ण बाळ किती वाजता, पुढे कुठला खांदा होता आणि कुणी काय केलं. कार्डावर तीन महिन्यांची तारीखही घालेन.

चिंचबन

डॉक्टर, जरूर लिहा. पण खरं सांगू का, त्या चार ओळी आमच्या कागदावर असत्या तरी मी केस केलीच असती. मुलाच्या ऑपरेशनसाठी पतपेढीतून कर्ज काढलंय, त्याचे अजून एकवीस हप्ते बाकी आहेत.