"मी भविष्यातून आलोय" म्हणणारा तोतया यानावर कसा पकडाल? – अनुभव धागा

धागाकर्ता : रिकामटेकडा_खगोली

निमित्त जुनंच आहे. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळमालिकेच्या १९९१ मधल्या एका भागात यानावर एक प्राध्यापक उगवतो. म्हणतो, मी २६व्या शतकातला इतिहासकार, तुमचा अभ्यास करायला आलोय. निघतो तो २२व्या शतकातला भामटा. कालकुपी (काळातून प्रवास करायचं छोटं यान) ढापलेली, आणि इथली उपकरणं खिशात घालून आपल्या काळात 'माझे शोध' म्हणून खपवायचा बेत. संशय पहिल्यापासून असतो, पण सापडतो तो निघायच्या वेळी, वस्तू गायब झाल्यावर.

इथे काळमापन, उलटतपासणी, कोठीचा हिशोब, दात, धातू यांत रोज हात घालणारी मंडळी आहेत. तुमच्या धंद्यातल्या अनुभवावरून सांगा, असा पाहुणा दारात उभा राहिला तर काय कराल? आत्मचरित्र नको, कृती द्या. आकडे द्या. कुठे फसतं आणि का, तेही लिहा.

कोठावळा

आधी वजन, गप्पा नंतर.

भारहीन जागी काटा चालत नाही. अंतराळ स्थानकावर ठरलेल्या बलाने माणसाला ओढतात, त्वरण किती आलं ते मोजतात, बलाला त्वरणाने भागलं की वस्तुमान. इथली नेहमीची गफलत म्हणजे माणूस सैल बसतो. पोट-मांड्या मागे राहतात, सांगाडा पुढे जातो, आकडा हलतो. हातपाय आवळून, श्वास धरून तीनदा घ्या.

पण पाहुण्याच्या वजनावर चोरी सिद्ध करायला जाऊ नका. माणूस दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन घेतो, १ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, वर पाणी आणि जेवण. ३०० ग्रॅमचं उपकरण त्यात सहज लपतं. तोलायची ती कुपी, कारण कुपी जेवत नाही. आल्याबरोबर तिच्या सगळ्या झडपांना सील लावा, टाक्यांतलं द्रव डुचमळायचं थांबू द्या, मग मोजा. निघायच्या आधी पुन्हा. सील शाबूत आणि आकडा वाढलेला असेल तर आत काहीतरी गेलंय.

आणि पाहुणा आल्या दिवशीच कोठीची मोजदाद उरका. ती आधी झालेली नसेल तर तुमचा जुना गोंधळ त्याच्या नावावर चढेल, आणि तोही हेच म्हणेल. त्याचं म्हणणं खोडता येणार नाही.

गॅमारेषा

कुपीचं कवच तपासा.

"प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने आलो" असं म्हणत असेल तर हिशोब सोपा आहे. ०.९९ प्रकाशवेगाला काळ ७.१ पट ताणला जातो, आणि वाटेतला प्रत्येक हायड्रोजन केंद्रक कवचावर ५.७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टने आदळतो. एवढ्या माऱ्याने ॲल्युमिनियममध्ये किरणोत्सारी सोडियम-२२ तयार होणार, पोलादात मँगनीज-५४. गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा जर्मेनियम डिटेक्टर लावा. सोडियमची रेषा १२७५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला, मँगनीजची ८३५ ला. अर्धायुष्य (निम्मे अणू विघटन पावायला लागणारा काळ) २.६ वर्षं आणि ३१२ दिवस, म्हणजे नुकताच पोचलेला असेल तर दोन्ही ठळक हवीत.

नाकाडाचं आणि शेपटाचं मोजमाप वेगळं घ्या. नासाचा एलडीईएफ हा उपग्रह एप्रिल १९८४ ते जानेवारी १९९० कक्षेत होता. परत आणल्यावर त्याच्या पुढच्या तोंडावर बेरिलियम-७ सापडलं, मागच्या बाजूवर जवळपास नाहीच. वरच्या विरळ हवेतलं ते पुढे पुढे चिकटत गेलेलं. यान कुठलं तोंड पुढे करून उडत होतं हे अशा खुणांवरून वाचता येतं.

दोन सावधगिऱ्या. एक, १४६१ वर उभी असलेली पोटॅशियम-४० ची रेषा पाहून नाचू नका, ती सगळीकडेच असते. दोन, वैश्विक किरणांमुळे तुमच्या स्वतःच्या यानातही थोडं सोडियम-२२ असतंच. त्याच मिश्रधातूचा आपला तुकडा शेजारी ठेवून तुलना करा. आणि गडी जर "वेगबिग काही नाही, सरळ काळातून उडी" म्हणाला, तर कवच कोरं निघालं तरी त्याच्या विरुद्ध काहीच सिद्ध होत नाही. म्हणून प्रवासाची पद्धत मोजणीच्या आधी लिहून घ्यायची. निकाल ऐकल्यावर कथा बदलणारे फार.

दाढदुखी

दातांवरचं एनॅमल एकदा तयार झालं की शरीर ते पुन्हा घडवत नाही. त्यात त्या वेळच्या हवेतला कार्बन अडकून राहतो. अणुचाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातल्या हवेतलं कार्बन-१४ १९६३ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झालं, मग उतरत गेलं. या चढ-उताराच्या आलेखावर दात ठेवला की जन्मसाल दीड-दोन वर्षांच्या फरकाने मिळतं. माणूस तोंडाने काहीही शतक सांगो.

प्रमाण : एनॅमलमध्ये कार्बन जेमतेम ०.४ टक्के, म्हणून १ मिलिग्रॅम कार्बनसाठी पाव ग्रॅम एनॅमल लागतं. आतलं डेंटिन पूर्ण खरवडून काढा, ते राहिलं तर आकडा भेसळीचा.

मुख्य घोळ असा की एकच पातळी आलेखावर दोनदा येते, चढताना एकदा आणि उतरताना एकदा. म्हणून दोन दात घ्यायचे. पहिल्या मोठ्या दाढेचा माथा तीनेक वर्षांच्या वयात पुरा होतो, अक्कलदाढेचा कितीतरी उशिरा. दुसरी पहिलीपेक्षा वर असेल तर माणूस चढावरचा, खाली असेल तर उतारावरचा. सध्या हवेतली पातळी चाचण्यांपूर्वीच्या आसपास परत आलीय, त्यामुळे आजची पोरं या पद्धतीला दाद देत नाहीत.

(पाहुण्याच्या संमतीशिवाय दाढ उपटता येत नाही हे यानावरच्या उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवा.)

अर्धायुष्य

गॅमारेषा आणि दाढदुखी, दोघांचंही पटलं, पण मूळ मुद्दा निसटतोय. किरणोत्सारी घड्याळ वस्तूसोबत चालतं, कॅलेंडरसोबत नाही. उडी मारून आलेल्या वस्तूने मधली वर्षं काढलेलीच नसतात.

१७व्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर, त्याच्या नावावर खपवलेलं नक्कलकार वान मेगेरेनचं 'एमाउसचे शिष्य' घ्या. त्यातल्या पांढऱ्या शिशात पोलोनियम-२१० ची मिनिटाला ग्रॅममागे ८.५ विघटनं भरली आणि रेडियम-२२६ ची ०.८. हे पोलोनियम ज्यातून येतं त्या शिसं-२१० चं अर्धायुष्य २२ वर्षांचं. तीनशे वर्षांत दोन्ही आकडे जवळजवळ एक व्हायला हवे होते. चित्र नवं, खलास. पण समजा कुणी १७व्या शतकातल्या चित्रशाळेतून ओला कॅनव्हास थेट उचलून आणला, तर या कसोटीत खरा व्हर्मीरही 'नवा'च ठरेल.

म्हणून वय विचारू नका, रेसिपी तपासा. त्या काळात नसलेला पदार्थ सापडला की उडीची सबब चालत नाही. वान मेगेरेनच्या एका चित्रात कोबाल्ट ब्लू सापडला, जो १८०२ च्या आधी नव्हता. शिवाय रंग कडक करायला बेकेलाइटचा घटक, फेनॉल-फॉर्मल्डिहाइड. कोलंबसाआधीचा म्हणून गाजलेल्या, अमेरिकेचा किनारा दाखवणाऱ्या विनलँड नकाशाच्या शाईत टायटॅनियमचं संयुग, जे १९२० च्या दशकापासून वापरात आलं. येल विद्यापीठाने २०२१ मध्ये नकाशा बनावट असल्याचं जाहीर केलं.

उलटी चूकही होते. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या म्हणून विकलेल्या वाइनच्या बाटल्या सीझियम-१३७ साठी काचेबाहेरूनच तपासल्या. ते १९४५ आधी निसर्गात नव्हतंच. सापडलं नाही. म्हणजे बाटली खरी? छे. एवढंच कळलं की आतली दारू अणुयुगाआधीची असावी. खरी पकड काचेवर कोरलेल्या अक्षरांत होती. खुणा विजेवर फिरणाऱ्या हत्याराच्या होत्या, आणि जेफरसन आद्याक्षरांमध्ये दोन टिंबं द्यायचा, कोरणाऱ्याने एकच दिलं.

यानावरच्या भामट्याला हे सगळं लागू होतं ते 'मी भूतकाळातला' म्हणत असेल तरच. भविष्यातला माणूस जुने पदार्थ खुशाल वापरू शकतो. तिथे रसायनशास्त्र फारसं कामाचं नाही.

उलटतपासणी

इथे बहुतेक जण एक गृहीत धरताहेत की कुपी खरी तर माणूस खरा. निमित्ताच्या गोष्टीतच कुपी खरी आणि माणूस खोटा आहे. दोघांची चौकशी वेगळी करा. आसन कुणाच्या उंचीला लावलंय, बोटांची झीज कोणत्या बटणांवर आहे, पाहुण्याचा हात तिथे आपसूक जातो का. कुपी चालवायची कृती त्याच्याकडून उलट्या क्रमाने सांगून घ्या. पाठ केलेला माणूस पुढून धडाधड सांगतो, मागून अडखळतो.

प्रश्नांबद्दल. ग्रंथात उत्तर आहे असा प्रश्न वाया जातो. पानिपतानंतर उभा राहिलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवा. पुण्यात १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, पण तोवर त्याने फौज उभी करून कोकणातले किल्ले घेतले होते. ज्यांना तोतया खरा ठरायला हवा असतो ते त्याला पढवतात. म्हणून असं विचारा जे पढवणाऱ्याला सुचणार नाही : खोलीत दार कुठल्या बाजूला उघडायचं, सकाळी पहिला आवाज कशाचा, न्हाणीघरातून जेवणघराकडे जाताना काय ओलांडावं लागतं. चित्र काढून घ्या आणि चार दिवसांनी तेच पुन्हा काढून घ्या.

सगळ्यात स्वस्त सापळा म्हणजे खोटा दाणा. न झालेली घटना सहज बोलण्यात पेरा, "तुमच्या नोंदींत अमुक बंदरावरचा स्फोट असेलच." तो मान डोलावून पुढे तपशील जोडू लागला की काम झालं. मात्र दाणा एकाच माणसाने टाकायचा आणि आधी लिहून ठेवायचा. दोघांनी वेगवेगळे टाकले तर कुठला गळाला लागला ते कळत नाही. आणि प्रत्येक भेटीत मोजा, प्रश्न कोण जास्त विचारतंय. इतिहासकाराकडे माहिती असते, हा गोळा करत फिरत असेल तर त्याला ती विकायची आहे.

साखळीकुलूप

भाकीत द्यायला तयार असेल तर कोरड्या पद्धतीने घ्या. मजकुरात काय, केव्हा आणि कुठल्या नोंदीवरून ठरवायचं हे तिन्ही हवं. त्याला ३२ बाइटची यादृच्छिक (अंदाज न येणारी) जोड द्या, एसएचए-२५६ (मजकुराचा ठसा काढणारं गणिती सूत्र, ठशावरून मजकूर उलगडत नाही) काढा, ६४ अक्षरांचा ठसा यानाच्या नोंदवहीत सर्वांसमोर टाका. मजकूर आणि जोड सीलबंद करून तिसऱ्याकडे ठेवा, पाहुण्याकडे नाही.

जोड का? आठ संघांतला विजेता सांगायचा असेल तर आठ नावांचे ठसे काढून कुणीही उत्तर फोडेल. तिसऱ्याकडे का? नाहीतर तो पन्नास ठसे टाकेल आणि लागलेला एकच उघडेल. न उघडलेला ठसा चुकीचाच धरायचा.

यानावरचे सगळे एकमेकांशी बोलतात का तेही बघा. १०२४ जणांपैकी निम्म्यांना 'हो', निम्म्यांना 'नाही' सांगत गेलं की दहा फेऱ्यांनी एका माणसाला दहाच्या दहा भाकितं खरी ठरलेली दिसतात, आणि तो बिचारा शपथेवर साक्ष देतो.

"माझी काळरेषा तुमच्याहून थोडी वेगळी" ही पळवाट आधीच बंद करा. २००० च्या शेवटी इंटरनेटवर जॉन टायटर नावाने कुणीतरी अवतरलं होतं, २०३६ मधून आयबीएम ५१०० हा जुना संगणक न्यायला आलोय म्हणत. अमेरिकेत २००४ च्या सुमारास यादवी सुरू होणार होती. झाली नाही, आणि नेमकी हीच पळवाट त्याने आधीच ठेवलेली होती. ही अट ज्याला हवी त्याचं भाकीत नोंदवूच नये.

ग्रहणवेडी

कृपा करून ग्रहण विचारू नका. २९ फेब्रुवारी १५०४ ला कोलंबसाने जमैकातल्या लोकांना चंद्रग्रहणाची धमकी देऊन आपल्या खलाशांसाठी अन्न उकळलं. हाताशी रेजिओमाँटानसचं पंचांग होतं, बस. धूमकेतूंचंही तेच, हॅलेचा २०६१ चा जुलै आत्ताच काढलेला आहे.

जे गणिताने निघत नाही ते विचारा. पृथ्वीच्या फिरण्यातला सूक्ष्म लहरीपणा आधी काढता येत नाही. १९७२ ते २०१६ मध्ये २७ लीप सेकंद मिळवावे लागले, तेही दर वेळी मोजून मगच. पुढच्या वर्षभराचा दिवसाच्या लांबीतला फरक महिन्यागणिक मिलिसेकंदाच्या शतांशापर्यंत मागा. वर्ष मात्र थांबावं लागेल, आणि पाहुण्याला नेहमी घाई असते.

पासष्टटक्के

भाकितं 'बरोबर' किती म्हणजे बरोबर, हे आधी ठरवा. पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली तेव्हा प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या होत्या, हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या; कुठली कुणाची ते ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांचं सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवून ४० पैकी २८ बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. तिथे रेघ मारा. रेघ निकालानंतर हलवली की चाचणी मेली.

कोठावळा

उपकरणांना टॅग लावून चोरी पकडता येईल का, असं कुणीतरी निरोपात विचारलंय. दारांवर आरएफआयडी (रेडिओलहरींनी टॅग ओळखणारे) वाचक लावा, पण त्यावरच विसंबू नका. धातूचं अस्तर असलेल्या पिशवीत टॅग मुका होतो. त्यामुळे वाचकाच्या इशाऱ्यापेक्षा 'दिसेनासे झालेले' टॅग बघायचे. दर दहा मिनिटांनी खोलीची हजेरी घ्या. उपकरण खोलीतून नाहीसं झालं आणि कुठल्याच दारावर उमटलं नाही, की त्या वेळी खोलीत कोण होतं एवढंच शोधायचं उरतं. पाहुण्याच्या अंगरख्याचे खिसे मात्र रीतसर परवानगी घेऊन, दोन साक्षीदारांसमोरच उलटे करा.